गेस्ट उठतच नाहीये!
व्हर्च्युअल मशीनच्या फर्मवेअरची नोंद का आणि कशी ठेवावी

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून लॉगिनचा स्क्रीन येईपर्यंत मधल्या काही सेकंदांत नक्की काय होतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? बहुतेकांना नाही पडत. कारण ते सेकंद आपण मोबाईल बघण्यात घालवतो. पण ज्या दिवशी तो स्क्रीन येतच नाही, त्या दिवशी मात्र हा प्रश्न भलताच महत्त्वाचा होतो. आणि तो दिवस नेमका सबमिशनच्या आठवड्यात येतो, हा आपल्या कॉलेजचा अलिखित नियम आहे!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मराठी विभागात लिही असं संपादक मंडळाने सांगितल्यावर आधी घाम फुटला. पण विषय असा आहे की तो आपल्या रोजच्या बोलीतच सांगायला बरा. तेव्हा जमेल तसं सांगते, गोड मानून घ्या.

फर्मवेअर म्हणजे शाळेचे शिपाई काका

शाळा सकाळी सातला भरते. पण मुख्याध्यापक येण्याआधी कुणीतरी गेट उघडतं, दिवे लागतात का ते बघतं, पाण्याची मोटर चालू करतं आणि मग ऑफिसची किल्ली हवाली करतं. कॉम्प्युटरमध्ये हे काम फर्मवेअर करतं. मेमरी, कीबोर्ड, डिस्क सगळं जागेवर आहे ना हे बघायचं, ऑपरेटिंग सिस्टीम कुठे आहे ते शोधायचं आणि कारभार तिच्या हातात द्यायचा.

या शिपायांच्या दोन पिढ्या आहेत. जुन्या पिढीचं नाव बायोस. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्यात तो होता. त्याचं ज्ञान अगदी मोजकं. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, वाचायचे. शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५एए ही खूण दिसली की डोळे झाकून तिथे उडी मारायची. पुढे काय आहे, चांगलं की वाईट, हे विचारायचं नाही. त्या पहिल्या सेक्टरमध्येच पार्टिशनचा तक्ताही बसवलेला. त्यात सेक्टर क्रमांकाला ३२ बिट दिलेले, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरला २ टेराबाइटपुढची जागा त्या तक्त्यात मांडताच येत नाही.

नवी पिढी म्हणजे यूईएफआय. इंटेलने १९९० च्या दशकाच्या शेवटी आयटेनियम प्रोसेसरसाठी हे काम सुरू केलं. पुढे २००५ मध्ये अनेक कंपन्यांचा यूईएफआय फोरम झाला. हा शिपाई शिकलेला आहे. त्याला फाईल सिस्टीम वाचता येते. डिस्कवर एक खास छोटं पार्टिशन असतं, त्यातली बूटलोडरची फाईल तो नावाने शोधून चालवतो. कुठली फाईल आधी आणि कुठली नंतर, हे तो एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. हे रजिस्टर डिस्कवर नसतं बरं का! ते मदरबोर्डवरच्या वेगळ्या, वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत असतं. तिला एनव्हीरॅम म्हणतात.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. रजिस्टर डिस्कवर नसतं. आजच्या लेखाची सगळी गंमत, आणि सगळा मनस्ताप, या एका वाक्यात आहे.

गेस्टचा शिपाई कुठून येतो?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. खऱ्याला होस्ट म्हणतात, पोटातल्याला गेस्ट. आपल्याकडे लिनक्सवर ही मंडळी मिळून काम करतात: केव्हीएम, जो २००७ मध्ये कर्नल २.६.२० मधून आला. क्यूएमू, जो फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ च्या सुमारास सुरू केला आणि जो डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे सामानाची नक्कल करतो. आणि लिबव्हर्ट, जो या सगळ्याचा हिशेब एका एक्सएमएल फाईलमध्ये ठेवतो.

आता गेस्टला खरा मदरबोर्ड नाही, मग फर्मवेअरची चिप कुठून आणायची? उत्तर सोपं आहे. चिपच्या जागी फाईल. बायोस हवा असेल तर सीबायोस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. यूईएफआय हवं असेल तर ओव्हीएमएफ आहे, जे टियानोकोअरच्या ईडीके-२ या प्रकल्पातून तयार होतं.

सीबायोसचं काम एका फाईलमध्ये भागतं. ओव्हीएमएफला मात्र दोन लागतात. पहिली कोडची. ही सगळ्या गेस्टना मिळून एकच असते आणि फक्त वाचण्यासाठी असते. दुसरी व्हेरिएबल्सची. हेच ते रजिस्टर. ही प्रत्येक गेस्टची वेगळी असते. गेस्ट पहिल्यांदा चालू होताना लिबव्हर्ट एका कोऱ्या नमुन्यावरून, म्हणजे टेम्प्लेटवरून, तिची प्रत काढतो आणि आपल्या एनव्हीरॅमच्या फोल्डरमध्ये ठेवतो. गेस्टची डिस्क असते एका फोल्डरमध्ये आणि रजिस्टर दुसऱ्याच. कळली का मेख?

आमच्या लॅबमध्ये काय झालं

गेल्या सेमिस्टरला आमच्या लॅबचा जुना सर्व्हर काढून नवा आला. जुन्यावर पाच गेस्ट होते, वेगवेगळ्या बॅचनी बनवलेले. पाचांच्या डिस्क फाईल्स व्यवस्थित नव्या सर्व्हरवर आल्या, जुना फॉरमॅट होऊन दुसऱ्या विभागात गेला आणि नव्यावर पाचही गेस्ट परत मांडले गेले. तीन झटक्यात चालू झाले. दोन नाही. त्यातल्या एकात फायनल इयरच्या चौघांचा अख्खा बी.ई. प्रोजेक्ट होता आणि एक्स्टर्नल यायला चार दिवस उरले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"अगं, फाईल तर पूर्ण आलीय, साइज तंतोतंत जुळतेय," लॅबचे काका म्हणाले.

"काका, पण हा गेस्ट बायोसवर बनवलेला की यूईएफआयवर?"

"ते कुणाला ठाऊक बाळा! बनवणारा पोरगा केव्हाच नोकरीला लागला."

काकांच्या या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितेय.

मी आणि माझी प्रोजेक्ट पार्टनर दोघी बसलो. पहिल्या गेस्टमध्ये फेडोरा होता. तो "बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क" एवढी ओळ दाखवून गपगार बसायचा. कारण असं की गेस्ट मुळात यूईएफआयवर बनवलेला होता आणि नव्या सर्व्हरवर मांडताना काही न सांगितल्यामुळे त्याला बायोस मिळाला. यूईएफआयसाठी तयार केलेल्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ५५एए ही खूण असते, पण तिथे चालवण्यासारखा कोड नसतो. बायोसने खूण बघितली, विश्वास ठेवला, उडी मारली आणि खाली विहीर कोरडी! मांडणी बदलून यूईएफआय केल्यावर हा गेस्ट आपणहून उठला. रजिस्टर कोरं असलं तरी यूईएफआयला एक राखीव पत्ता पाठ असतो: ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ नावाची फाईल. फेडोरा तिथे आपली फाईल ठेवतो, आणि ती फाईल रजिस्टरमधली हरवलेली नोंद पुन्हा लिहून टाकते.

दुसरा, म्हणजे चौघांच्या प्रोजेक्टचा, डेबियन होता. त्याला यूईएफआय दिलं तरी तो काळ्या पडद्यावरच्या यूईएफआय शेलमध्ये जाऊन थांबायचा. डेबियन नेहमीच्या पद्धतीने टाकला तर त्या राखीव पत्त्यावर काही ठेवत नाही. आपली फाईल तो ईएफआयमधल्या डेबियन फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिचा पत्ता फक्त रजिस्टरमध्ये लिहितो. रजिस्टर राहिलं जुन्या सर्व्हरवर, आणि तो तर फॉरमॅट झालेला. म्हणजे माणूस घरात आहे, पण दारावर पाटी नाही.

उपाय मात्र छोटा निघाला. फर्मवेअरच्या मेनूमध्ये बूट मेंटेनन्स मॅनेजर असतो. तिथे "बूट फ्रॉम फाईल" निवडून डेबियन फोल्डरमधली ग्रबची फाईल हाताने दाखवली आणि गेस्ट उठला. मग आतून ग्रब पुन्हा इन्स्टॉल केला, त्यामुळे नव्या रजिस्टरमध्ये नोंद झाली. त्याच वेळी राखीव पत्त्यावरही एक प्रत ठेवायला सांगितली, म्हणजे पुढच्या वेळी ही कटकट नको. काम दहा मिनिटांचं, पण ते काय आहे हे शोधण्यात आमचे अडीच दिवस गेले. ते अडीच दिवस एका कागदाने वाचले असते.

काय काय लिहून ठेवायचं?

आता मुद्द्याचं. गेस्ट बनवला की त्याच दिवशी खालच्या गोष्टी लिहा.

१. फर्मवेअरचा प्रकार. बायोस की यूईएफआय, एवढे दोन शब्द सगळ्यात आधी. हे नंतर सहज बदलता येत नाही. बायोसवर टाकलेल्या ओएसला नुसतं यूईएफआय दिलं तर तिला लागणारं ते छोटं पार्टिशन डिस्कवर नसतं, आणि उलट केलं तर काय होतं ते वर वाचलंतच.

२. मशीनचा प्रकार. क्यूएमू दोन पीसींची नक्कल करतो. एक आय४४०एफएक्स, १९९६ सालच्या चिपसेटवर बेतलेला. दुसरा क्यू३५, २००७ सालचा. नावापुढे क्यूएमूची आवृत्तीही असते, ती सुद्धा लिहा. ओव्हीएमएफमध्ये सिक्युअर बूट नीट सुरक्षितपणे वापरायचं तर क्यू३५ आणि एसएमएम हे वैशिष्ट्य चालू, दोन्ही लागतं.

३. कोडची फाईल कुठली, कुठल्या पॅकेजमधली, किती एमबीची. ओव्हीएमएफचे दोन आणि चार एमबीचे बिल्ड असतात आणि एकाचं रजिस्टर दुसऱ्याला चालत नाही. दोन एमबीच्या बिल्डची व्हेरिएबल फाईल १२८ केबीची असते, चार एमबीची ५२८ केबीची. नाव बदललेलं असलं तरी साइजवरून ओळखता येतं. काही डिस्ट्रिब्युशन्सनी नव्या आवृत्त्यांमधून दोन एमबीचा बिल्ड काढून टाकलाय, त्यामुळे जुना गेस्ट नव्या होस्टवर नेताना इथे हमखास अडकायला होतं.

४. व्हेरिएबल्सची फाईल कुठे आहे आणि कुठल्या टेम्प्लेटवरून बनली. बॅकअप घेताना डिस्कच्या जोडीने हिचाही घ्या. ही फाईल पुसली तर लिबव्हर्ट टेम्प्लेटवरून नवीन करून देतो, पण कोरी. आधीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. लिबव्हर्टलाही हे माहीत आहे. म्हणून अशा गेस्टची मांडणी काढून टाकायला गेलं की तो अडवतो आणि विचारतो, एनव्हीरॅम ठेवू की पुसू? तिथे घाईघाईत पुसू म्हणू नका.

५. सिक्युअर बूट चालू की बंद, आणि का. सिक्युअर बूट म्हणजे सरळ "बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर" असा कारभार. बूटलोडरवर ओळखीच्या किल्लीची सही असेल तरच तो चालतो. त्या किल्ल्या सुद्धा याच व्हेरिएबल फाईलमध्ये असतात. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच भरलेलं टेम्प्लेट आणि किल्ल्या नसलेलं कोरं टेम्प्लेट, यातलं कुठलं घेतलं ते लिहावंच लागतं. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या सर्टिफिकेट्सची मुदत २०२६ मधली आहे. त्यांच्या जागी २०२३ ची नवी सर्टिफिकेट्स आलीत. मुदत संपली म्हणून चालू गेस्ट लगेच बंद पडत नाही, पण पुढे फक्त नव्या किल्लीने सही केलेला बूटलोडर आला तर जुनं रजिस्टर त्याला ओळखणार नाही. आपल्या कुठल्या गेस्टमध्ये कुठल्या सालच्या किल्ल्या आहेत, हे कागदावर नसेल तर एकेक गेस्ट उघडून बघत बसावं लागेल.

६. टीपीएम आहे का. विंडोज ११ ला, जी २०२१ मध्ये आली, टीपीएम २.० लागतो. गेस्टला तो एसडब्ल्यूटीपीएम नावाच्या प्रोग्रॅममधून मिळतो. त्याचा डेटा आणखी तिसऱ्याच फोल्डरमध्ये, गेस्टच्या यूयूआयडीच्या नावाने पडलेला असतो. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल आणि हा डेटा मागे राहिला, तर रिकव्हरी की दिल्याशिवाय डिस्क उघडत नाही. मग ती की शोधा, रात्र थोडी आणि सोंगं फार!

७. बूट ऑर्डर. लिबव्हर्टमध्ये ती दोन पद्धतीने लिहिता येते. एकतर ओएसच्या भागात "आधी हार्ड डिस्क, मग नेटवर्क" अशी, नाहीतर प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा नंबर देऊन. दोन्ही एकत्र चालत नाहीत. कुठली वापरली ते लिहा.

"एक्सएमएल आहे की! मग वेगळं कशाला लिहायचं?"

हा प्रश्न मला आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. लिबव्हर्टची एक्सएमएल फाईल जरूर काढून ठेवा, व्हर्शच्या डम्पएक्सएमएल कमांडने एका ओळीत निघते. पण ती पुरत नाही. त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं असं की २०१९ मध्ये आलेल्या लिबव्हर्ट ५.२ पासून आपण नुसतं "फर्मवेअर ईएफआय" एवढं म्हटलं तरी चालतं. बाकीची निवड लिबव्हर्ट स्वतः करतो. होस्टवर क्यूएमूच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये छोट्या जेसन फाईल्स असतात. प्रत्येक फाईल सांगते की मी अमुक फर्मवेअर, मला अमुक मशीन चालतं, माझ्यात सिक्युअर बूट आहे किंवा नाही. त्यांच्या नावाच्या सुरुवातीला नंबर असतात, त्या क्रमाने बघत जाऊन जी पहिली जुळेल ती घेतली जाते. सोय छान आहे. पण दुसऱ्या होस्टवर त्या फाईल्स वेगळ्या असल्या तर निवडही वेगळी होऊ शकते. म्हणून आपण काय मागितलं आणि त्या दिवशी प्रत्यक्ष काय मिळालं, या दोन्ही गोष्टी लिहायच्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एक्सएमएल "काय" ते सांगते, "का" ते सांगत नाही. सिक्युअर बूट बंद आहे हे तिच्यात दिसेल. पण ते विसरून राहिलं, की प्रोजेक्टमधल्या कर्नल मॉड्यूलवर सही नाही म्हणून मुद्दाम बंद केलं, हे फक्त करणाऱ्याला माहीत. आणि करणारा तर नोकरीला लागला!

आम्ही आता लॅबमध्ये प्रत्येक गेस्टच्या डिस्कशेजारी अशी एक साधी टेक्स्ट फाईल ठेवतो:

गेस्ट: डेटाबेस लॅब. ओएस: डेबियन १२.
मशीन: क्यू३५, आवृत्ती ७.२.
फर्मवेअर: यूईएफआय. मागितलं: फक्त ईएफआय, सिक्युअर बूट नको. मिळालं: ओव्हीएमएफ, चार एमबी बिल्ड.
व्हेरिएबल फाईल: लिबव्हर्टच्या एनव्हीरॅम फोल्डरमध्ये, गेस्टच्याच नावाने, ५२८ केबी. टेम्प्लेट कोरं, किल्ल्या नाहीत.
सिक्युअर बूट: बंद. कारण: सही नसलेलं कर्नल मॉड्यूल.
टीपीएम: नाही.
बूट ऑर्डर: डिव्हाइसवर नंबर. डिस्क १, नेटवर्क २.
राखीव पत्त्यावर ग्रबची प्रत: आहे.
बॅकअपमध्ये काय घ्यायचं: डिस्क, व्हेरिएबल फाईल, एक्सएमएल, ही फाईल.
शेवटची तपासणी: तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव.

शेवटची ओळ शोभेची नाही. नोंद बरोबर आहे का, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. ज्याने तो गेस्ट कधी बघितलेला नाही अशा ज्युनियरला ती फाईल आणि बॅकअप द्यायचा आणि दुसऱ्या मशीनवर गेस्ट उठवायला सांगायचं. तो जिथे अडकेल आणि विचारायला येईल, तिथे आपल्या नोंदीत एक ओळ कमी आहे असं समजायचं. तोंडी उत्तर देऊन त्याला परत पाठवायचं नाही, ती ओळ फाईलमध्ये घालायची. आमच्या पहिल्या नोंदीत अशा चार ओळी वाढल्या.

आपण चार वर्षांनी जाणार, गेस्ट मात्र इथेच राहणार. सर्व्हर बदलतील, डिस्ट्रिब्युशन बदलतील, किल्ल्यांच्या मुदती संपतील. पुढच्या बॅचकडे आपल्याला फोन करून विचारण्याशिवाय दुसरा मार्ग असावा, एवढंच म्हणणं आहे. तेव्हा "फायनल फायनल २" अशा नावाचा जो गेस्ट तुम्ही बनवून ठेवलाय, त्याच्या नोंदीची सुरुवात आजच करा. बायोस की यूईएफआय? पहिली ओळ एवढीच लिहायचीय.